'सगळं नॉर्मल आहे, करा व्यायाम सुरू'

सिझेरियननंतर सहा आठवड्यांच्या तपासणीत मला मिळालेला सल्ला एवढाच. टाका बघितला, बीपी घेतलं, गर्भाशय आकसलंय ना ते पाहिलं, पाळणा लांबवायचं काय ते विचारलं आणि केस पेपरवर 'फिट' लिहिलं. या 'फिट'वर माझा अजून राग आहे, कारण त्याचा अर्थ जखम भरली, संसर्ग नाही, इतकाच असतो. पोटाचे स्नायू आणि ओटीपोटाचा तळ, म्हणजे पेल्विक फ्लोअर, यांना कुणी हातही लावलेला नसतो. व्यायामात त्रास देतात ते नेमके हेच दोघं.

वरची त्वचा दोन-तीन आठवड्यांत मिटते. पोटाच्या स्नायूंना धरून ठेवणाऱ्या आतल्या पडद्यात मात्र सहा आठवड्यांनी जेमतेम निम्मी ताकद आलेली असते आणि सहा महिन्यांनीही ती पूर्ण आलेली नसते. म्हणून टाका कोरडा दिसला की वजनं उचलायची, हे गणित चुकतं.

पोटाची फट, म्हणजे गरोदरपणात पोटाच्या मधोमध दोन बाजूंच्या स्नायूंत पडलेलं अंतर, घरी बघता येते. उताणं झोपून गुडघे दुमडायचे. बोटांची टोकं पायांकडे करून बेंबीवर शेजारी शेजारी ठेवायची आणि श्वास सोडत डोकं जरासं उचलायचं. दोन्ही बाजूंचे स्नायू बोटांना जाणवतात, मधे किती बोटं मावतात ते मोजायचं. मग बेंबीच्या चार बोटं वर आणि चार बोटं खालीही तसंच. दोनपेक्षा जास्त बोटं मावली तर तज्ज्ञाला दाखवायचं. पण रुंदीइतकंच खाली काय लागतं तेही बघा: ताणलेल्या कापडासारखं घट्ट लागलं तर बरं, बोटं मऊ आत गेली तर अजून वेळ आहे. उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येत असेल तर क्रंचेस, प्लँक, दोन्ही पाय एकदम उचलणं बंद. अंथरुणातून उठायचं तेही कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन.

दुसऱ्या गोष्टीचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचं, विचारल्यावर उत्तर आलं, "किगल करा." म्हणजे या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम; पण कसा करायचा, ते नाही. वायू आणि लघवी एकदम रोखतोय असं आत आणि वर खेचायचं. मांड्या, नितंब सैल, श्वास चालू. सुरुवातीला तीन सेकंद, हळूहळू दहापर्यंत. अशी दहा लांब, दहा झटपट, दिवसातून तीनदा. प्रत्येक वेळी पूर्ण सैल सोडणं हाही व्यायामाचाच भाग आहे. लघवी करता करता धार तोडून सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. खरी गोम अशी की बऱ्याच जणी वर खेचण्याऐवजी खाली जोर देतात, आणि ते आपलं आपल्याला कळत नाही. म्हणून तपासणी लागते.

ती मिळवतानाच माझं घोडं अडलं. काउंटरवरून मला कंबर-मानेच्या फिजिओकडे धाडलं, तिथे कमरेला शेक मिळाला आणि परत तोच केस पेपर हातात. नुसतं 'फिजिओ' म्हणू नका, 'पेल्विक फ्लोअरची फिजिओ' असं म्हणा. डॉक्टरांना सरळ विचारा: फट किती आहे, खोकताना लघवी सुटते त्याचं काय, खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटतं ते तपासाल का? लाजून गप्प बसलात तर 'फिट'वरच बोळवण होते.

चालणं मात्र सव्वा महिना थांबवायचं कारण नाही. पहिल्या आठवड्यापासून घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं, झेपेल तसं वाढवत. पाय हलते राहिले की रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही कमी होतो. पोट बांधायचा पट्टा सिझेरियननंतर आधार म्हणून ठीक, पण करकचून बांधला तर सगळा दाब खाली तळावर जातो. पट्ट्याने फट भरत नाही, हे आईला पटवायला मला किगलपेक्षा जास्त कष्ट पडले.

धावायची घाई असेल तर ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टनी २०१९ मध्ये काढलेली मार्गदर्शिका वापरण्यासारखी आहे. बारा आठवड्यांआधी धावणं नाही, आणि त्यानंतरही आधी परीक्षा: ३० मिनिटं चालणं, एका पायावर दहा सेकंद तोल, एका पायावरच्या दहा बैठका, जागेवर एक मिनिट जॉगिंग, एका पायावर दहा उड्या. दुखणं, जडपणा, लघवी सुटणं यातलं काहीही झालं तर नापास. यात बारा आठवडे ही अट आहे, मुहूर्त नव्हे.

कमी झालेला रक्तस्राव व्यायामानंतर पुन्हा लालभडक झाला तर एक पायरी मागे या. पॅड तासाभरात भिजत असेल, एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.

बाळाला आधी पाजून मग व्यायामाला लागा, छाती हलकी राहते. व्यायामाने दूध आटतं हे खरं नाही.

आणि हे वरच सांगायला हवं होतं: शिंक, खोकला किंवा बाळाला उचलण्याच्या क्षणभर आधी तळ आत खेचा, आणि उचलताना श्वास सोडा, कोंडू नका. दिवसातून वीस वेळा बाळ उचलायचंच असतं, तोही सरावच.