हात हलत नव्हता, साहेब

जुना डीएसएलआर कॅमेरा इन्फ्रारेडसाठी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात फोटो काढण्यासाठी, बदलून घेतला. सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढून तिथे दिसणारा बहुतेक उजेड अडवणारा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर बसवला, कॅमेरा घरी आला. काच न काढता नुसता फिल्टर लेन्सवर लावला तर भर उन्हातही शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं, म्हणजे ट्रायपॉड आलाच. तो अंजनेरीवर वाहून न्यायचा नव्हता, म्हणून तर हा खर्च.

पहिल्याच फेरीत गवत, झाडं बर्फासारखी पांढरी, आभाळ काळंभोर. आणि सगळं मऊ. एकही फोटो शार्प नाही.

काम करून देणाऱ्याला फोन केला. "हात हलत असेल." शटर १/२५० सेकंद होता हो! तरी मुकाट्याने १/१००० केला, कोपरं बरगड्यांना टेकवली, श्वास रोखला. गंगापूर धरणावर बायको म्हणाली, "फोटो काढताय की प्राणायाम?" फोटो मऊच. पुन्हा फोन. "सराव करा." तिसऱ्यांदा त्याने उचललाच नाही. दीड महिना मी स्वतःच्या हातावर संशय घेत बसलो, याचा राग अजून गेलेला नाही.

उलगडा झाला मखमलाबादला मित्राच्या द्राक्षबागेत. वेलींना आधार देणाऱ्या लोखंडी अँगलच्या ओळीत तिसऱ्यावर फोकस केला होता. घरी मोठं करून पाहिलं तर तिसरा पुसट आणि पाचवा कसा कोरल्यासारखा! हात हलला असता तर पाचवाही पुसटला असता ना?

डीएसएलआर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करतो तो दिसणाऱ्या उजेडावर. इन्फ्रारेड त्याच लेन्समधून थोडं मागे जुळतं. म्हणून फोकस धरल्या जागेच्या पलीकडे जातो, आणि लांबच्या डोंगरावर धरला तर कुठेच नीट बसत नाही. जुन्या मॅन्युअल लेन्सवर यासाठीच वेगळी लाल खूण असते. बदलताना कॅमेऱ्याचा फोकस नव्याने जुळवून द्यायला हवा होता. तो दिलाच नव्हता.

आता मी लाइव्ह व्ह्यूवरच, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून, फोकस करतो, कारण तिथे सेन्सर स्वतः बघतो. दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही, तेव्हा डोक्यावर उपरणं घेतो. पट्टा मानेशी ताणून धरला की कॅमेरा स्थिर राहतो. लेन्सचं छिद्र एफ/८; त्याहून बारीक केलं की माझ्या लेन्सला मधोमध पांढुरका डाग येतो.

हो, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, राहिलाच. तो उन्हातल्या हिरव्या गवतावर घ्या, नाहीतर सगळं लालभडक. रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) संगणकावर उघडली की ती पुन्हा लाल दिसते, कारण माझ्या सॉफ्टवेअरमधला रंगतापमानाचा काटा २००० केल्विनच्या खाली उतरत नाही. त्यासाठी रंगांचं वेगळं प्रोफाइल बनवावं लागतं. त्यात माझा एक रविवार गेला.

गेल्या आठवड्यात ब्रह्मगिरीचा फोटो आला, कड्यावरची एकेक भेग मोजता येते. हातातच काढलेला. त्या फोन न उचलणाऱ्याला पाठवला आहे, निळ्या खुणा आल्यात.