आईच्या कॉम्प्युटरची सी ड्राइव्ह रिकामी केली त्याचा अनुभव

मागच्या शनिवारी सकाळी आईचा फोन आला, रेकॉर्डिंग मध्येच बंद पडलं म्हणून. आई नाशिकला सिडकोत पवननगरला घरीच दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते आणि 2020 च्या लॉकडाऊनपासून एकेक धडा ओबीएस नावाच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करून ठेवते, म्हणजे जो मुलगा आजारी पडला किंवा मखमलाबादवरून यायला जमलं नाही त्याला नंतर बघता येतो. त्या दिवशी वर्गसमीकरणं सूत्राने सोडवायचा धडा चालू होता, बी वर्ग वजा चार एसी लिहून झालं आणि स्क्रीनवर मेसेज, डिस्कवर पुरेशी जागा नाही, रेकॉर्डिंग थांबवलंय. सी ड्राइव्हची पट्टी टोकापर्यंत लाल.

आईने माझ्या आधी एका दुकानात विचारलं होतं. ते म्हणाले आणून द्या, फॉरमॅट मारून देतो, एकदम नव्यासारखा होईल. आता फॉरमॅट मारला तर जागा होणारच ना, पण आत काय आहे हे कोणी बघायचं? मी म्हटलं आई तू कुठे नेऊ नकोस, मी दुपारी येते.

मशीन साधंच आहे, 16 जीबी रॅम आणि एकच 256 जीबीची एसएसडी, डी ड्राइव्ह नाहीच. विंडोजमध्ये ती 238 जीबी दिसते आणि आईचा पहिला प्रश्न तोच, बाकीचे 18 कुठे गेले, फसवलं का आपल्याला? नाही फसवलेलं. कंपनी हजाराच्या हिशोबाने जीबी मोजते आणि विंडोज 1024 च्या हिशोबाने, म्हणून आकडा कमी दिसतो, डिस्क तेवढीच असते. गणिताच्या बाईंना हे एका वाक्यात पटलं.

मग मी आधी जे सगळे करतात तेच केलं, एकेका फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, साइज, आणि आई शेजारी बसून कागदावर लिहीत होती. बेरीज काही केल्या जुळेना, बऱ्याच जीबीचा फरक येत होता. कारण बऱ्याच गोष्टी लपवलेल्या असतात, अ‍ॅपडेटा, प्रोग्रॅमडेटा, हायबरनेशनची फाइल, आणि काही फोल्डर उघडायची आपल्याला परवानगीच नसते. तेव्हा हा उद्योग करू नका, सरळ विझट्री घ्या. छोटंसं सॉफ्टवेअर आहे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं. ते एकेक फोल्डर चाळत बसत नाही, डिस्कवर फाइलींची जी मुख्य यादी असते तीच थेट वाचतं, त्यामुळे काही सेकंदांत सगळा नकाशा समोर. पेन ड्राइव्हवर टाकून नेलं होतं कारण तिथे डाऊनलोड करायलाही जागा नव्हती.

नकाशात सगळ्यात मोठा चौकोन आईच्या रेकॉर्डिंगचा, 117 जीबी. पण तिकडे नंतर. आधी ज्याच्यात कोणाचं काही जाणार नाही ते काढायचं ठरवलं.

विंडोज डॉट ओल्ड 22 जीबी. विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, पण आईच्या मशीनवर 11 टाकायचं राहूनच गेलं होतं, ते भावाने आदल्याच रविवारी टाकून दिलं आणि जुनं विंडोज त्या फोल्डरमध्ये पडून होतं. 10 दिवसांनी ते आपोआप जातं, पण आम्हाला लगेच जागा हवी होती आणि परत 10 वर जायचं नव्हतं. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स, तिथून काढलं, टेम्पचे 5 जीबी पण तिथूनच गेले. एक मात्र नीट बघा, त्याच यादीत डाऊनलोड्स पण असतं, तिथे टिक करू नका. आईच्या सगळ्या प्रश्नपत्रिका आणि पालकांनी पाठवलेले फॉर्म डाऊनलोड्समध्येच आहेत, टेम्पररी या नावाखाली ते उडाले असते तर मी काय तोंड दाखवलं असतं.

टेलिग्राम डेस्कटॉपचा कॅश, म्हणजे बघितलेल्या फाइलींची मशीनवर साठलेली कॉपी, 11 जीबी निघाला, मुलांचा ग्रुप आहे तिचा. तो सेटिंगमधून साफ केला तरी फाइली त्यांच्या सर्व्हरवर राहतात, परत उघडल्या की परत येतात, त्यामुळे चिंता नाही. मग हायबरनेशनची फाइल, 6 जीबीच्या वर. उघडलेलं काम तसंच डिस्कवर साठवून मशीन बंद करायची ती सोय. आई मशीन रोज पूर्ण बंद करते, हायबरनेट कधीच नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, मग जागा सोडून स्लॅश एच, परत जागा सोडून ऑफ, एवढंच टाइप केलं आणि फाइल गेली. याने फास्ट स्टार्टअप पण बंद होतं, पण एसएसडीवर चालू व्हायला फार फरक पडला नाही. विनएसएक्सएस नावाचं विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचं फोल्डर पण मोठं दिसेल, त्याला हाताने अजिबात हात लावू नका, विंडोजच कोलमडेल.

एवढ्यात 44 जीबी झाले. चहा घेतला आणि रेकॉर्डिंगच्या फोल्डरकडे वळलो.

उघडलं तर प्रत्येक धडा दोनदा. एकच नाव, एकच साइज, 40 मिनिटांचा धडा म्हणजे पाऊण जीबी, एक एमकेव्ही आणि एक एमपीफोर, हे व्हिडिओ फाइलीचे दोन प्रकार. हे असं होतं की ओबीएस आधी एमकेव्हीमध्ये रेकॉर्ड करतं आणि सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक रीमक्सला टिक असेल तर रेकॉर्डिंग संपलं की त्याचीच एमपीफोर करून ठेवतं. आतला व्हिडिओ तोच, फक्त डबा बदलतो. आणि मूळ एमकेव्ही ते पुसत नाही, ती तशीच राहते. आई मुलांना एमपीफोरच पाठवते, म्हणजे एमकेव्ही सगळ्या फुकट पडून. मला इतका आनंद झाला की मी टाइपप्रमाणे लावल्या, सगळ्या एमकेव्ही निवडल्या आणि शिफ्ट डिलीट दाबलं, म्हणजे रिसायकल बिनमध्ये पण जाणार नाहीत. विंडोजने विचारलं, या 80 फाइल्स कायमच्या काढायच्या का?

आई म्हणाली, थांब. ऐंशी कशा? एमपीफोर किती आहेत बघ.

मोजल्या तर 76.

मी नो दाबलं. आईने कपाटातून तिची वही काढली. लांब रजिस्टर आहे, प्रत्येक धड्याची तारीख, प्रकरण, कोणतं उदाहरण घेतलं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. चार ओळींपुढे लाल पेनाने लिहिलेलं, लाइट गेली. दोन त्रिकोणमितीचे, एक वर्तुळाचा, एक महत्त्वमापनाचा, चारही जून-जुलैमधले, पहिल्या पावसात आमच्याकडे वारा सुटला की लाइट जातेच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाइट गेली की मशीन बंद, मग रीमक्स होणार कसं, त्या चार धड्यांची एमपीफोर कधी झालीच नाही. आणि एमकेव्ही शिल्लक राहिली कारण तो प्रकारच तसा आहे, मध्येच तुटली तरी तिथपर्यंतचा भाग चालतो, साधी एमपीफोर अशी तुटली तर बहुतेक वेळा उघडतच नाही. म्हणूनच तर ओबीएस एमकेव्ही वापरायचं. म्हणजे ज्या चार धड्यांची दुसरी कॉपी जगात कुठेच नाही नेमके तेच मी बाकीच्यांबरोबर कायमचे उडवत होते.

त्या चारही उघडून बघितल्या. त्रिकोणमितीचा एक तर 38 मिनिटांपर्यंत व्यवस्थित, आई उन्नत कोनाची आकृती काढतेय, पट्टीने रेघ ओढतेय, आणि रेघ अर्ध्यावर असताना व्हिडिओ संपतो. ओबीएसच्याच फाइल मेन्यूत रीमक्स रेकॉर्डिंग्ज आहे, तिथून चौघांच्या एमपीफोर करून घेतल्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून बघितल्या, तरीही आईने त्यांच्या मूळ फाइली ठेव म्हटलं म्हणून ठेवल्या. बाकीच्या 76 जोड्या वहीशी लावत, प्रत्येक एमपीफोरचं शेवटचं मिनिट बघत एकेक एमकेव्ही काढली. दोन तास गेले, आई नाव वाचायची, मी बघायचे. 57 जीबी मोकळे झाले, आधीचे धरून शंभराच्या आसपास.

सेटिंग पण बदललं. नवीन ओबीएसमध्ये हायब्रिड एमपीफोर म्हणून प्रकार आलाय, तो मध्येच बंद पडला तरी चालतो, आणि वेगळं रीमक्स लागत नाही, म्हणून ती टिक काढली. शिवाय 1 टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घेतली आणि सगळे धडे तिच्यावर कॉपी केले, कॉम्प्युटरवरचे तसेच ठेवून, कारण आता जागा आहे.

रविवारी सकाळी मुलं यायच्या आधी आईने वर्गसमीकरणांचा तो धडा पहिल्यापासून परत घेतला. वहीत शनिवारच्या ओळीपुढे तिने लाल पेनाने लिहिलं होतं, जागा संपली. त्याखाली नवीन तारीख टाकली आणि शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला.