जुन्या सेस्नाला आयएफआर करताना

माझं सेस्ना १७२ हे छोटं विमान १९६० सालचं. सोलापूरच्या होटगी रोडच्या विमानतळावरून स्वच्छ हवेत ते आजही झकास उडतं. पण व्हीएफआरवर, म्हणजे बाहेर नजरेनं बघून उडताना, सूर्यास्तानंतर २० मिनिटांच्या आत उतरावंच लागतं, आणि परतीच्या पावसात ढग खाली आले की विमान जागचं हलत नाही. म्हणून ते आयएफआर, म्हणजे नुसत्या उपकरणांवर ढगातही उडेल असं, करायला घेतलं.

भेटेल तो आधी कॉकपिटमध्ये स्क्रीन कोणती घेतली हेच विचारायचा. माझं मत ठाम आहे: आधी हवा आणि वीज बघा. माझ्या विमानाचे जायरो, म्हणजे कल आणि दिशा दाखवणाऱ्या उपकरणांतली चक्रं, बाहेर लावलेल्या व्हेंच्युरीवर (हवा ओढणाऱ्या नळीवर) फिरायचे. विमानानं वेग घेतल्याशिवाय तिला पुरेशी ओढ मिळत नाही आणि बर्फ धरला की तीही जाते. म्हणजे टेकऑफनंतर लगेच ढगात शिरायचं तर कृत्रिम क्षितिजावर, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या उपकरणावर, भरवसा ठेवता येत नाही. व्हेंच्युरी काढली आणि दोन गार्मिन जी-५ हे इलेक्ट्रॉनिक डिस्प्ले घेतले, एक क्षितिजाला, एक दिशेला. दोन्हींना स्वतःची बॅटरी. जुना जनरेटर इंजिन हळू फिरत असताना बॅटरी चार्जच करत नाही. त्यात पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीवर बर्फ धरू नये म्हणून तिला तापवणारी सोय) वीज खाणार, म्हणून अल्टरनेटर बसवला. वाट आणि उतरण्याचा मार्ग दाखवणारा व्हीओआर-आयएलएस रिसीव्हर आणि रडारला विमानाची ओळख देणारा ट्रान्सपॉन्डर त्यानंतर आले.

सगळ्यात वेळ खाल्ला स्टॅटिक लाइननं, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब उपकरणांपर्यंत नेणाऱ्या नळ्यांनी. इंजिनिअरकाकांनी या नळ्यांच्या बाहेरच्या तोंडाला, स्टॅटिक पोर्टला, टेस्टर लावून ओढ दिली, अल्टिमीटर (उंचीमापक) हजार फूट चढवला आणि लाइन बंद केली. मिनिटभरात काटा १०० फुटांपेक्षा जास्त उतरता कामा नये. तो सरळ घसरतच गेला. "गळतंय कुठंतरी," काका म्हणाले आणि टॉर्च घेऊन पॅनेलखाली उताणे झोपले. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, आत नुसती भट्टी! अल्टिमीटरमागच्या टी-जॉइंटजवळ रबरी नळीला केसाएवढी चीर सापडली. एक नळी बदलून भागलं असतं. काकांनी सगळ्या बदलायला लावल्या, आणि ते बरोबरच होतं. ढगात उंची त्याच हवेवर कळते.

कागदांचं एवढंच सांगतो: प्रत्येक उपकरणाचा एसटीसी (विमानात बदल करायची मंजुरी) आपल्या मॉडेलला लागू आहे का आणि विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएला काय हवंय, हे पैसे देण्याआधी विचारा. रेडिओचा परवाना वेगळा.

मग विमानाचं पुन्हा वजन झालं. शेवटी कंपास स्विंग, म्हणजे होकायंत्र किती चुकतंय ते तपासणं. इंजिन आणि सगळे रेडिओ चालू ठेवून एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) ३०-३० अंशांनी विमान वळवत गेलो, काका फरक लिहीत गेले. फरकांचं नवं कार्ड कंपासखाली लावलं आणि काकांनी लॉगबुकात सही केली.