सकाळीच रुसणारा संगणक

फोंड्यातल्या आमच्या घरी असलेला डेस्कटॉप संगणक मी २०१९ साली जुळवून घेतला होता. त्यात रायझन ५ २६०० हा सहा कोअरचा प्रोसेसर होता. देवस्थानांच्या आणि नाट्यमंडळांच्या स्मरणिकांची पाने लावण्याचे माझे काम त्यावर इतकी वर्षे बरे चालले होते. परंतु मोठ्या छायाचित्रांच्या स्मरणिकेची पीडीएफ काढताना चहा करून येण्याइतका वेळ जाऊ लागला, तेव्हा गेल्या ऑक्टोबरात, चवथीची कामे हातावेगळी झाल्यावर, मी त्याच मदरबोर्डवर आठ कोअरचा रायझन ७ ५७००एक्स बसवला. दोन्ही प्रोसेसर एएम४ सॉकेटचे, म्हणजे बोर्डावरच्या एकाच प्रकारच्या खाचेत बसणारे, आणि दोन्ही ६५ वॉटचे असल्यामुळे वीजपुरवठा बदलण्याची गरज नव्हती.

बी४५० चिपसेटचा माझा बोर्ड नव्या प्रोसेसरच्या आधीचा असल्यामुळे जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम, अद्ययावत करणे भाग होते. बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, आणि परतीच्या पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून ते काम यूपीएसवर आणि आभाळ स्वच्छ असताना उरकले. नवा प्रोसेसर बसवून बटण दाबल्यावर बोर्डावरचा मेमरीचा दिवा बराच वेळ जळत राहिला. हे अपेक्षितच होते, कारण मेमरी नियंत्रक प्रोसेसरच्या आतच असतो आणि प्रोसेसर बदलला की मेमरीशी वेळेचा मेळ त्याला नव्याने घालावा लागतो. घाबरून मध्येच बटण दाबण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. पुढे पडद्यावर एफटीपीएम, म्हणजे प्रोसेसरमधली गुप्त किल्ल्या जपणारी सोय, नव्याने सुरू करायचे का, असा प्रश्न आला. माझ्या डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, नसल्यामुळे मी निःशंकपणे होकार दिला. ज्यांच्याकडे ते चालू असेल, त्यांनी ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की कागदावर लिहून घेतल्याखेरीज हा उद्योग करू नये.

पहिला दिवस उत्तम गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत जवळजवळ दोन मिनिटे लागली. पूर्वी याला पंचवीस सेकंद पुरत. ‘नवीन घातलेस ना, मग हा म्हातारा का झाला?’ असे आईने विचारले, आणि तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

प्रथम संशय विंडोजवर गेला आणि सुरुवातीला आपोआप चालू होणारे चार-पाच प्रोग्राम मी बंद केले, ते अर्थातच व्यर्थ. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावर ‘लास्ट बायोस टाइम’ नावाचा एक आकडा असतो, तो खरे म्हणजे आधी पाहायला हवा होता. बटण दाबल्यापासून विंडोजच्या हाती कारभार येईपर्यंत बोर्डाने किती वेळ घेतला, हे तो सांगतो. माझ्याकडे तो ८४ सेकंद होता. म्हणजे विंडोज सुरू होण्यापूर्वीच दीड मिनिट उडत होते आणि मी नाहक तिची झडती घेत होतो.

त्यानंतर मी अधिक मोठी चूक केली. रीस्टार्ट केले की हाच आकडा १७ वर येई, पण रात्री बंद करून सकाळी चालू केले की पुन्हा ८० च्या पुढे जाई. विंडोज ८ पासून आलेल्या फास्ट स्टार्टअप सोयीत संगणक बंद करताना विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि चालू करताना ती परत उचलली जाते. रीस्टार्ट करताना मात्र तसे होत नाही. तेव्हा ही जपून ठेवलेली फाइलच नव्या प्रोसेसरला मानवत नसावी, असा सिद्धान्त मी मांडला आणि ही फाइल बनवणारे हायबरनेशनच बंद करून टाकले. सिद्धान्त दिसायला देखणा होता, परंतु बायोसचा वेळ विंडोजच्या फाइलमुळे वाढेल कसा, हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. दुसऱ्या सकाळी ८१ सेकंद.

मग बायोसमध्ये शिरलो. बूटच्या क्रमात पहिल्या स्थानावर नेटवर्क होते. संगणक डिस्ककडे वळण्यापूर्वी केबलवरून कोणी कार्यप्रणाली पाठवते का, याची वाट पाहत होता. ते बंद केले, सोबत मेमरीचा वेग ठरवणारे एक्सएमपी चालू केले आणि प्रश्न सुटल्याच्या समाधानात झोपलो. सकाळी पुन्हा तेच! नेटवर्क पुन्हा पहिल्या स्थानावर आले होते आणि ३२०० वर ठेवलेली मेमरी २४०० वर धावत होती. बायोसच्या पानावरची तारीख जानेवारीची होती, तीही कित्येक वर्षांपूर्वीची. इंटरनेट मिळताच विंडोज घड्याळ स्वतःच दुरुस्त करून घेत असल्यामुळे ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. सकाळची पहिली काही मिनिटे ब्राउझर संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांबद्दल तक्रार करी, तिचा दोष मी इंटरनेटला देत आलो होतो.

दिवसा बंद करून तासाभराने चालू केले, तर वेळ लागत नव्हता. रात्री आणि दिवसात फरक होता तो भिंतीतल्या प्लगचा. परतीच्या पावसात संध्याकाळी गडगडायला लागले की आई घरातले सगळे प्लग काढून ठेवते, आणि सासष्टीतल्या मामाचा टीव्ही विजेने जळाल्यापासून या बाबतीत तिच्याशी वाद घालण्याची सोय नाही. प्लग लावलेला असताना संगणक बंद दिसला तरी एसएमपीएसकडून, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या पेटीकडून, बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ तीवर चालते. प्लग निघाला की सगळा भार बोर्डावरच्या सीआर२०३२ या तीन व्होल्टच्या नाण्याएवढ्या बॅटरीवर येतो. ग्राफिक्स कार्ड काढून ती बाहेर घेतली आणि मल्टिमीटर लावला, तर २.३ व्होल्ट.

रोज रात्री घड्याळ मरत होते, आणि ते मेलेले पाहून बोर्ड सगळी मांडणी मूळ पदावर नेत होता. काही बोर्ड अशा वेळी ‘एफ१ दाबा’ म्हणून अडून बसतात. माझा निमूटपणे पुढे जातो, आणि त्याचा हा सालसपणाच मला नडला. मेमरीचा मेळ दर सकाळी नव्याने घातला जाई. त्यानंतर नेटवर्कची वाट पाहणे सुरू होई, आणि ते लांबण्याचे कारण असे की आईने राउटरचाही प्लग काढलेला असे. मी दोन्ही बटणे एकदमच दाबत असल्यामुळे राउटर स्वतः जागा होईपर्यंत संगणकाला नेटवर्कवरचा पत्ता द्यायला कोणीच नसे.

यात नव्या प्रोसेसरचा वाटा किती? बॅटरी बहुधा आधीच थकलेली होती. परंतु जुन्या बायोसच्या मूळ मांडणीत नेटवर्क बूट बंद होते आणि एक्सएमपी मी कधी लावलेच नव्हते, त्यामुळे रोज मांडणी पुसली गेली तरी फरक जाणवत नव्हता. नव्या बायोसच्या मूळ मांडणीत नेटवर्क बूट चालू निघाले.

बाजारातल्या घड्याळवाल्याकडून बॅटरी आणली, बायोसमधली मांडणी पुन्हा एकदा लावली आणि त्या रात्री गडगडत नसतानाही मुद्दाम प्लग काढून ठेवला. सकाळी बायोसचा वेळ १६ सेकंद आणि तारीख बरोबर होती. हायबरनेशन मी परत चालू केलेले नाही. १६ जीबी मेमरीच्या मानाने त्या फाइलने अडवलेली डिस्कवरची जागा मला स्मरणिकांसाठी अधिक उपयोगाची वाटली.