सुरीने कापलेलं जाळं

"फाटलेलं नाय हे. कापलंय. मीच."

हर्णै बंदरावर आज संध्याकाळी एक काका जाळं शिवत बसले होते. मांडीवर पसरलेल्या भोकाच्या कडा अगदी सरळ होत्या. परवा पहाटे जाळ्यात व्हेल शार्क शिरला (नावात व्हेल असला तरी जात मुशीची). अर्ध्या होडीएवढा. जिवंत होता, म्हणून जाळं कापून सोडून दिला.

२००१ पासून या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. देवमासे, डॉल्फिन, समुद्री कासवं यांनाही आहे. त्यांना सोडवताना जाळं कापावं लागलं, तर आपल्या राज्यात २०१८ पासून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. मी उत्साहाने विचारलं, "मग अर्ज केलात ना?"

सुई थांबली.

"फोटो पायजे त्याला. काळोख, होडी हेलकावतेय, चौघांचे आठ हात जाळ्यात. फोन कोण धरणार?"

मला काही बोलताच येईना. योजना चांगली आहे, मनापासून वाटतं. मासा तर वाचायलाच हवा. पण जाळं शिवायला चार दिवस जाणार, तेवढे दिवस होडी बंदरात आणि खलाशी घरी बसून.

"पुन्हा शिरला तर?" मी विचारलं.

"पुन्हा कापणार. एवढा मोठा जीव, धडपडताना बघवत नाय."

आणि ते परत गाठी मारू लागले.

त्यांच्या या चार दिवसांचा हिशोब कुठल्या अर्जात लिहायचा?