उभा ट्रेलर

"गाडी रोज दोन हात तरी पुढे घेतो, नाहीतर टायर एकाच जागी बसतात."

आज सकाळी वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर एक ड्रायव्हरमामा म्हणाले. न्हावा बंदराकडे तेलविहिरींच्या ड्रिलिंगचे पाइप नेणारा त्यांचा ट्रेलर सव्वा महिना उभा आहे. पाइप आवळायच्या साखळ्या मात्र तेल लावून, नीट गुंडाळून ठेवलेल्या. जणू उद्याच माल भरायचाय.

2020 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत कच्चं तेल पिंपामागे उणे 37 डॉलरपर्यंत घसरलं, ते आपण बातमीत वाचून सोडून दिलं. भाव पडला की आधी नव्या विहिरी थांबतात, मग पाइप, मग ट्रेलर. बँकेचा हप्ता चालूच.

मामांनी चहाचे पैसे मला देऊच दिले नाहीत. दिवसभर तेच डोक्यात आहे. या महिन्याचा हप्ता कुठून भरणार असतील ते?