लाइट कधीही जाईल असं धरून लिहिलेला सर्टिफिकेट क्लायंट : माझा अनुभव

मालवण-देवबाग पट्ट्यातल्या काही होमस्टेंसाठी पाहुण्यांची नोंदवही ठेवणारं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून सगळं घरातच चालतं. राउटरशेजारी एक रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक (पुढे नुसता ‘पाय’), त्यावर वेब सर्व्हर आणि ओटीवर टॅबलेट. पाहुणा आला की टॅबलेटच्या कॅमेऱ्याने ओळखपत्राचा फोटो काढायचा, नाव-गाव लिहायचं आणि खोलीची चावी द्यायची. घोडं अडलं ते कॅमेऱ्यापाशी. ब्राउझर साध्या एचटीटीपी पानाला कॅमेरा वापरू देत नाही, पान एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित जोडणीवरच लागतं. त्यासाठी सर्टिफिकेट हवं, म्हणजे साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला. आणि आपणच सही केलेलं सर्टिफिकेट लावलं की ब्राउझर आधी धोक्याचा इशारा दाखवतो. ‘अरे, गिऱ्हाईकासमोर लाल पाटी येता. हॅक झाल्यासारखा दिसता,’ एका वहिनींनी फोनवर सांगितलं आणि विषय तिथेच संपला. ब्राउझर मुकाट्याने मान्य करेल असं सर्टिफिकेट प्रत्येक घरात पोचवणं भाग होतं.

असं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून फुकट देते. मागायचं, नवं करायचं आणि रद्द करायचं ते अ‍ॅक्मे नावाच्या प्रोटोकॉलने. मार्च २०१९ मध्ये तो आरएफसी ८५५५ (इंटरनेटच्या मानकांचा दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झाला. सर्टबॉट, लेगो, अ‍ॅक्मे डॉट एसएच असे तयार क्लायंट, म्हणजे सर्टिफिकेट मागून आणणारे प्रोग्रॅम, आहेत आणि चांगले आहेत. ज्याचा सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे त्याने सर्टबॉट टाकावा आणि निवांत झोपावं. माझी अडचण वेगळी होती. इथे पावसाळ्यात दिवसातून कितीदा लाइट जाते याची मोजदाद कोणी ठेवत नाही. काम कुठल्याही पायरीवर तुटेल आणि लाइट आल्यावर तिथूनच पुढे चालू होईल, असा क्लायंट मला हवा होता, आणि तोही नोंदवहीच्या गो भाषेतल्या त्याच प्रोग्रॅममध्ये बसणारा. म्हणून स्वतः लिहायला घेतला.

पहिला प्रश्न पडताळणीचा. डोमेन तुमचंच आहे हे सर्टिफिकेट देणाऱ्याला पटवावं लागतं. सोपा मार्ग म्हणजे त्याचा सर्व्हर ८० नंबरच्या पोर्टवर येऊन तुमच्याकडची एक ठरावीक फाइल वाचतो. इथे तो बादच. घरातलं इंटरनेट मोबाइलच्या सिमवर चालतं. कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना एकाच पब्लिक आयपीमागे बसवते, त्यामुळे बाहेरून कोणी आत येऊच शकत नाही. शिवाय ज्या नावासाठी सर्टिफिकेट हवंय ते नाव डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या नोंदवहीत, १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या घरातल्याच पत्त्याकडे बोट दाखवतं. उरला डीएनएसचा मार्ग. डोमेनमध्ये अंडरस्कोर अ‍ॅक्मे-चॅलेंज या नावाची टेक्स्ट नोंद टाकायची, त्यांनी ती वाचायची. यात तुमच्या मशीनपर्यंत कोणी पोचावं लागत नाही.

पण डीएनएसची चावी कोणाकडे? कोकणातल्या घराचं डोमेन बहुधा मुंबईच्या पुतण्याने घेतलेलं असतं. पासवर्ड त्याच्याकडे, ओटीपी त्याच्या मोबाइलवर आणि तो भेटणार गणपतीला. सर्टिफिकेटची मुदत संपते, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी त्याला फोन करून नोंद बदलून घेणं म्हणजे चेष्टाच. सुदैवाने यावर मान्य तोड आहे. अ‍ॅक्मे-चॅलेंजच्या जागी एकदाच सीनेम, म्हणजे ‘हे नाव तिकडे बघा’ असं सांगणारी नोंद टाकायची आणि ती माझ्या ताब्यातल्या डोमेनकडे वळवायची. पडताळणी करणारा सर्व्हर सीनेमच्या मागे जातो आणि टेक्स्ट नोंद माझ्याकडे वाचतो. मूळ डोमेनला पुन्हा हात लावायचं काम नाही.

ती एक नोंद टाकून घेतानाही कसरत होते. पुतण्या फोनवर पॅनल उघडून बसतो, मी सांगतो ते नाव टाइप करतो, ‘दादा, सेव्ह झालं’ म्हणतो, आणि मी तपासतो तर नोंद नाही. बरीच पॅनलं डोमेनचं नाव आपणहून शेवटी जोडतात. पूर्ण नाव टाकलं की तेच डोमेन दोनदा लागतं. आता मी आधीच सांगतो, ‘डोमेन लिहू नकोस, फक्त पुढचा भाग लिही, आणि सेव्ह केल्यावर यादीत कसं दिसतंय त्याचा स्क्रीनशॉट पाठव.’

माझ्या बाजूला अ‍ॅक्मे-डीएनएस नावाचा छोटा सर्व्हर आहे. त्यात प्रत्येक घराला वेगळं उपनाव आणि वेगळा पासवर्ड मिळतो, त्या पासवर्डने फक्त स्वतःचीच टेक्स्ट नोंद बदलता येते. ही वाटणी आवश्यकच. पूर्ण झोनची, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदींची, चावी प्रत्येक घरातल्या पायवर ठेवली, तर एक मशीन चोरीला गेलं की सगळ्या घरांच्या नावाने सर्टिफिकेट काढता येतील.

आता प्रत्यक्ष कोड. अ‍ॅक्मेमध्ये सर्व्हरशी होणारी जवळजवळ प्रत्येक देवाणघेवाण सही केलेल्या जेसनमधून (नाव-किंमत जोड्यांचा मजकूर) होते. लंबवर्तुळ वक्राच्या किल्लीने सही करायची तर एक बारकावा आहे. बऱ्याच लायब्ररी सही डीईआर नावाच्या, कमीजास्त लांबीच्या स्वरूपात देतात, इथे मात्र आर आणि एस या दोन संख्या प्रत्येकी ३२ बाइट अशा एकापुढे एक, सलग ६४ बाइट लागतात. त्यातली एखादी संख्या लहान निघाली तर पुढे शून्य भरावं लागतं. ते भरलं नाही तर कोड बहुतेक वेळा व्यवस्थित चालतो आणि साधारण सव्वाशे सह्यांत एखादी नाकारली जाते. असा बग शोधायला बसलं की माणूस नेटवर्कला शिव्या देत राहतो. गोमध्ये फिलबाइट्स वापरलं की हा प्रश्न उरत नाही.

टेक्स्ट नोंदीत जे घालायचं त्याचंही असंच. सर्व्हरने दिलेलं टोकन, मग टिंब, मग सर्टिफिकेट देणाऱ्याकडच्या आपल्या खात्याच्या किल्लीचा ठसा, या सगळ्याचा एसएचए-२५६ हॅश (ठरावीक लांबीचा सारांश) आणि तो बेस६४ च्या यूआरएलसाठीच्या प्रकारात, शेवटच्या बरोबरच्या खुणा काढून. नेहमी ४३ अक्षरं होतात. किल्लीचा ठसा काढताना जेसनमधली नावं इंग्रजी वर्णानुक्रमाने लावायची, मध्ये एकही मोकळी जागा ठेवायची नाही. एक स्पेस जास्त झाली की ठसा वेगळा, आणि सर्व्हर एवढंच सांगतो की नोंद जुळत नाही.

आणखी एक गंमत. नुसती माहिती वाचायची असेल तरी एचटीटीपीची साधी गेट विनंती बहुतेक ठिकाणी चालत नाही, सही केलेली पोस्ट विनंतीच पाठवावी लागते आणि तिचा मजकूर रिकामा ठेवावा लागतो. पण ‘नोंद टाकली, आता तपासा’ हे सांगताना मजकुरात रिकामे महिरपी कंस पाठवावे लागतात. रिकामं म्हणजे वाचायचंय, रिकामे कंस म्हणजे सुरू करा. हे आरएफसीत स्पष्ट लिहिलंय, पण वाचताना डोळा त्यावरून सहज घसरतो.

नॉन्स हा आमच्या नेटवर्कवरचा रोजचा विषय. प्रत्येक विनंतीत सर्व्हरने दिलेला एकदाच वापरायचा आकडा घालायचा. विनंती पोचली, उत्तर येता येता रेंज गेली, की तो आकडा खर्ची पडलेला असतो. तीच विनंती जशीच्या तशी परत पाठवली तर बॅड नॉन्स म्हणून परत येते. त्या नकारासोबतच नवा नॉन्स मिळतो, तो घेऊन पुन्हा सही करायची आणि पाठवायची. म्हणजे परत पाठवण्याचं काम एचटीटीपीच्या थरात सोडून चालत नाही, ते सही करणाऱ्या थरातच हवं.

मुख्य काम होतं लाइट गेल्यावरचं, आणि इथे अ‍ॅक्मेची रचना मला मनापासून आवडली. सर्टिफिकेट मागितलं की सर्व्हर एक ऑर्डर तयार करतो आणि तिचा पत्ता देतो. ऑर्डर कुठल्या टप्प्यावर आहे हे सर्व्हरच लक्षात ठेवतो: थांबलेली, तयार, चालू, पूर्ण, बाद. माझ्या प्रोग्रॅमने फक्त तो पत्ता जपायचा. लाइट आली की पत्त्यावर विचारायचं, ‘काय स्थिती?’ आणि उत्तराप्रमाणे पुढची पायरी करायची. त्यामुळे माझा कोड सरळ वरून खाली वाहत नाही. फाइल वाचा, सर्व्हरला विचारा, एक पाऊल टाका, फाइल लिहा, पुन्हा सुरुवात, एवढाच तो फेरा आहे. ऑर्डरलाही मुदत असते. ती उलटून गेलेली दिसली तर जुना पत्ता टाकून नवी ऑर्डर.

डिस्कवर काय आधी लिहायचं हा क्रम मात्र चुकवून चालत नाही. सर्टिफिकेटची खाजगी किल्ली आधी, मग बाकी सगळं. किल्ली मेमरीत असताना सीएसआर (सर्टिफिकेट मागणारा अर्ज) पाठवला आणि तेवढ्यात लाइट गेली, तर सर्टिफिकेट तयार होतं पण त्याची किल्ली जगात कुठेच नसते. वर ते मर्यादेत मोजलंही जातं. त्याच नावांसाठी आठवड्यात ५ सर्टिफिकेट एवढीच लेट्स एन्क्रिप्टची मुभा आहे. फाइल लिहिताना आधी तात्पुरत्या नावाने लिहायची, एफसिंक करून ती डिस्कवर पक्की करायची आणि मग नाव बदलायचं. मेमरी कार्ड अर्धवट लिहिलेल्या फाइलचं काय करेल याचा नेम नसतो.

चाचणीसाठी पेबल वापरला. लेट्स एन्क्रिप्टच्याच लोकांनी लिहिलेला हा छोटा सर्व्हर मुद्दाम त्रासदायक आहे. तो अधूनमधून चांगले नॉन्स नाकारतो, पडताळणीला उगाच वेळ लावतो आणि बंद करून चालू केला की सगळं विसरतो. त्याच्याशी बोलत असताना प्रोग्रॅम वाटेल तिथे किल मारायचा आणि परत चालू करायचा. शेवटी खऱ्या पायचीही पिन बोर्डातून खेचून बघितली. पेबलवर टिकलं तेच लेट्स एन्क्रिप्टच्या स्टेजिंगवर, म्हणजे सरावाच्या सर्व्हरवर, नेलं आणि तिथून खऱ्या सर्व्हरवर. खऱ्या सर्व्हरवर एका नावासाठी तासात ५ पडताळण्या फसल्या की थांबावं लागतं, त्यामुळे ‘तपासा’ म्हणण्याआधी माझा क्लायंट अधिकृत नेमसर्व्हरला थेट विचारून नोंद दिसतेय का ते बघतो. मधल्या रिझॉल्व्हरला, म्हणजे उत्तरं साठवून देणाऱ्या सर्व्हरला, विचारण्यात अर्थ नाही, त्याच्या कॅशमध्ये कालचं उत्तर असू शकतं. आणि पडताळणी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून होते, आपल्याला मालवणात काय दिसतं याला महत्त्व नाही.

नूतनीकरणाचा कोड लिहिताना घड्याळाने खोडा घातला. ज्या मॉडेलचे पाय मी वापरतो त्यांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. लाइट येते, पाय चालू होतो, पण रेंज यायला वेळ लागतो आणि तोवर त्याच्या मते वेळ लाइट गेली तेव्हाचीच असते. अशा वेळी मुदतीचा हिशोब करणं व्यर्थ. म्हणून एनटीपीने, म्हणजे इंटरनेटवरून, वेळ जुळल्याशिवाय क्लायंट तारखेवरून काहीच ठरवत नाही.

नवं कधी काढायचं हे पूर्वी क्लायंट स्वतः ठरवायचे, मुदतीचा एक तृतीयांश उरला की. आता सर्व्हरलाच विचारता येतं. ही सोय आरएफसी ९७७३ मध्ये आहे, २०२५ ची. सर्व्हर एक कालावधी सुचवतो आणि क्लायंटने त्यातला कुठलाही एक क्षण निवडायचा. काही गडबड होऊन सर्टिफिकेट मुदतीआधी रद्द करावी लागणार असतील, तर हाच कालावधी अलीकडे सरकवला जातो. मार्च २०२० मध्ये एका बगमुळे लेट्स एन्क्रिप्टला तीस लाखांवर सर्टिफिकेट रद्द करायची वेळ आली होती, तेव्हा ही सोय नव्हती. मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणंही त्यांनी जून २०२५ पासून बंद केलं, त्यामुळे क्लायंटने स्वतः विचारत राहण्याला पर्याय नाही. माझा दिवसातून दोनदा विचारतो, उत्तर नाहीच मिळालं तर एक तृतीयांशाचा जुना नियम लावतो.

अलीकडे सहा दिवसांची सर्टिफिकेटंही मिळतात. ती माझ्या कामाची नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गेल्यावर इथल्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. सहा दिवसांची मुदत अशा काळोखातच संपून जाईल. तरी मुदती सगळीकडेच आखडताहेत. ब्राउझरवाल्यांनी आणि सर्टिफिकेट देणाऱ्यांनी ठरवल्याप्रमाणे कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून ४७ अशी ठरली आहे. ४७ दिवसांत एक तृतीयांश म्हणजे जेमतेम पंधरवडा. इन्व्हर्टरवर पंखे-दिवे चालवणारे पायची पिन मात्र इन्व्हर्टरच्या सॉकेटवर देत नाहीत, याकडे तोवर लक्ष द्यावं लागेल.

जाता जाता एक गोष्ट. दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक लॉगमध्ये नोंदलं जातं, कोणालाही शोधता येतं. त्यामुळे उपनावात मालकाचं आडनाव किंवा घर नंबर घालू नये. मी झाडांची नावं देतो: सुरंगी, बकुळ, उंडी.

रद्द करण्याचा कोड सगळ्यात छोटा आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा, पण तो हाताशी तयार हवाच. पाय वीज पडून जळला तर घाई नाही. चोरीला गेला किंवा दुरुस्तीला दिला आणि परतच आला नाही, तर किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे. रद्द करायला विनंतीवर खात्याच्या किंवा सर्टिफिकेटच्या किल्लीने सही लागते आणि या दोन्ही किल्ल्या त्या मशीनबरोबरच गेलेल्या असतात. आरएफसीत तिसरा रस्ता आहे. त्या सर्टिफिकेटमधल्या सगळ्या नावांवर ताबा सिद्ध केलेलं दुसरं खातंही ते रद्द करू शकतं. सीनेम माझ्याकडे वळलेली असल्याने मी माझ्या लॅपटॉपवरच्या खात्यातून पडताळणी करतो आणि रद्द करतो. त्याआधी हरवलेल्या मशीनचा अ‍ॅक्मे-डीएनएसचा पासवर्ड बंद करायचा, नाहीतर तेच मशीन पुन्हा नवं सर्टिफिकेट काढेल.

रद्द केलं की लगेच सगळीकडे कळतं असं मात्र नाही. प्रत्येक सर्टिफिकेटची स्थिती लगोलग सांगणारी ओसीएसपी सेवा लेट्स एन्क्रिप्टने ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केली, आता रद्द झालेल्यांच्या याद्या निघतात आणि ब्राउझर त्या आपापल्या सवडीने घेतात. तरी मी रद्द करतोच. काम दोन मिनिटांचं आहे. विनंती पाठवल्यावर उत्तराआधीच रेंज गेली तर क्लायंट रेंज आल्यावर तीच विनंती नव्या नॉन्सने पाठवतो, आणि ‘आधीच रद्द झालंय’ अशी एरर आली तर ती यश म्हणून नोंदवतो.